भावजयीची पोचपावती

मी नणंद आहे. तेव्हा माझ्या तोंडून भावजयीचं कौतुक निघालं, तर ऐकणाऱ्याने ते पावशेर जास्तच धरावं, कमी धरू नये. सोळा वर्षं आम्ही एका छताखाली राहतो आणि त्यातली तेरा वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये काम करतो. सकाळच्या पहिल्या चहापासून संध्याकाळी शेडला कुलूप लागेपर्यंत तिचं तोंड माझ्यासमोर असतं. एवढं सोसूनही मी तिच्याबद्दल चांगलं बोलणार आहे, यावरून काय ते समजा.

वर्कशॉप विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. विमानतळ म्हटल्यावर काचेच्या भिंती आणि सरकते जिने डोळ्यांसमोर आणू नका. एक धावपट्टी, एक बुटका टॉवर, सात-आठ लहान विमानं आणि त्यांच्या मागे आमची लांबट पत्र्याची शेड. शेडच्या एका टोकाला इंजिनवाले, दुसऱ्या टोकाला रेडिओवाले आणि मधे काचेच्या खोलीत मी. माझं काम कागदाचं. विमानातून एखादा भाग निघाला की कागद, तपासला की कागद, परत बसवला की कागद. विमान इंधनावर उडतं हा लोकांचा गैरसमज आहे. ते कागदावर उडतं.

भावजय रेडिओवाली. चणीने एवढीशी, उंच स्टुलावर बसली की पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून चपला खाली सोडून बसते. टेबलावर एक भिंगाचा दिवा, सोल्डरिंग आयर्न, ओला स्पंज, अर्धी झिजलेली पेन्सिल आणि एक जुना कॉम्प्युटर, ज्याच्या पडद्यावर दिवसभर ओळी धावत असतात. मी पहिल्यांदा तो पडदा पाहिला तेव्हा मला वाटलं बिघडलाय. डॉलरचं चिन्ह, पाच-सहा अक्षरं, आकडे, पुन्हा दोन अक्षरं, की पुढची ओळ.

"हे काय गं?"

"रेडिओशी बोलतेय, ताई."

मग तिने समजावून सांगितलं होतं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. विमानात दोन तऱ्हेचे रेडिओ असतात. एक टॉवरशी बोलायचा, एक वाट दाखवायचा. दोघांनाही आकडा लावून द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी एकात एक बसवलेल्या दोन लहान चकत्या असायच्या: बाहेरची फिरवली की पूर्ण आकडे बदलतात, आतली फिरवली की दशांश. नव्या रेडिओंना मागून एक बारीक तार जोडता येते. त्या तारेतून हुकूम जातात, एकेक अक्षर, मुंग्यांच्या रांगेसारखं एकामागे एक. अमुक आकडा राखीव ठेव. राखीव आहे तो चालू कर. ओळीच्या शेवटी एक बेरीज असते, म्हणजे वाटेत एखादं अक्षर सांडलं तर रेडिओला कळतं. आणि मग रेडिओ उलट ओळ पाठवतो. केलं. किंवा नाही केलं.

"बरेच लोक हुकूम पाठवतात आणि हात झटकतात," ती म्हणाली होती. "पाठवलं म्हणजे झालं नव्हे. उत्तर आलं म्हणजे झालं."

या एका वाक्यावर बाईने अख्खा संसार चालवला आहे. वर्कशॉपात तिला पाठीमागे सगळे 'पोचपावती' म्हणतात. हल्ली तोंडावरही म्हणतात, तिला चालतं. तिच्या टेबलावरून वस्तू नेणाऱ्याने काय नेतोय ते मोठ्याने म्हणून दाखवायचं. एखाद्या यंत्राला वापरायला मनाई करणारी लाल चिठ्ठी लागली, तर ती ज्याच्या हातात जाईल त्याने माझ्या काउंटरपाशी उभं राहून चिठ्ठी शब्दन्‌शब्द वाचायची आणि मग सही करायची. इंजिनवाल्यांनी सुरुवातीला थट्टा केली. एकाने तर गाण्याच्या चालीवर वाचली. तिने हातावर हात ठेवून पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "तिसरा शब्द गाळलात. पुन्हा."

घरीही तेच. "ताई, गॅस बंद केलात?" मी "हं" म्हटलं की समोरून पुन्हा तोच प्रश्न. "गॅस बंद केला" एवढं पूर्ण वाक्य तोंडातून काढल्याशिवाय बाई स्वयंपाकघरातून हलत नाही. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही माझी परीक्षा बघते. मोडलेलं लग्न घेऊन मी भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आलेली, मन आधीच हळवं, त्यात ही. एकदा मी चिडून म्हटलं, "मी काय खोटं बोलते का?" तर ती शांतपणे म्हणाली, "खोटं नाही, ताई. पण तुम्ही 'हं' दूधवाल्यालाही म्हणता, टीव्हीलाही म्हणता आणि मलाही म्हणता."

आता आमच्या धाकट्याबद्दल. माझा भाऊ, तिचा नवरा. ती त्याला घरातसुद्धा 'कॅप्टन' म्हणते, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडवायला. तो रुग्णविमान चालवायचा. लहान विमान, मागे एक स्ट्रेचर, एक नर्स, आणि पुढे हा एकटा. लांबच्या गावातून पेशंट उचलायचा आणि मोठ्या हॉस्पिटलजवळ उतरवायचा. लहानपणी शाळेचं दप्तर सुद्धा वेळेवर न भरणारा हा माणूस त्या विमानात बसला की असा काही सरळ व्हायचा की मी, सख्खी बहीण, त्याला ओळखायची नाही. त्या कामावर त्याचा जीव होता. हे मी उगाच म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशीही तो विमान पुसायला जायचा.

दोन वर्षांपूर्वी विमानं ठेवायच्या हँगरचं सरकतं दार त्याच्या उजव्या हातावर आलं. हाडं जुळली, जखमा भरल्या, पण अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटेनात. चिमूट धरता येईना. मीठ टाकायचं तरी चमचा हवा. विमान चालवायला बाकी हात पुरेसा होता; ताकद होती, पकड होती. अडलं ते फक्त त्या दोन चकत्यांपाशी. डाव्या हातात विमानाचा दांडा, त्यावरच माइकचं बटण, आणि उजव्या हाताने रेडिओच्या चकत्या फिरवायच्या. चिमटीशिवाय त्या फिरत नाहीत. परवाना टिकवायला परीक्षा द्यावी लागते, तिथे एक आकडा लावायला त्याला एकोणीस सेकंद लागले आणि तोही चुकीचा लागला. परीक्षकांनी नापास केलं. चूक काही नव्हती त्यांची.

कंपनीने सांगितलं, सहाव्या महिन्याच्या अखेरपर्यंत जागा राखून ठेवतो. तोवर पास झालात तर या, नाहीतर दुसरा वैमानिक घेऊ. परीक्षक गावोगाव फिरतीवर असत. आमच्याकडे त्यांची पुढची तारीख थेट त्या सहाव्या महिन्याच्या अठ्ठावीसला होती. म्हणजे एकच संधी.

धाकटा घरी आला आणि तीन दिवस खिडकीपाशी बसून राहिला. चौथ्या दिवशी भावजयीने त्याचा उजवा हात टेबलावर ठेवला, कागदावर पेन्सिलीने त्याची आउटलाइन काढली आणि म्हणाली, "ही दोन बोटं जाऊ दे. ही तीन किती लांब दाबू शकतात ते दाखव."

तिने पेटी बनवली. त्या विमानाचे रेडिओ शेपटीकडे बसवलेले, बिनचेहऱ्याचे; कॉकपिटमध्ये फक्त चकत्यांचा खोका आणि त्यावर आकड्याची खिडकी. त्या खोक्याच्या जागी तिची पेटी बसणार होती. बिस्किटाएवढी मोठी बटणं, दोन बोटांच्या पेरांनीही दाबता येतील अशी. वर एक ठळक पडदा. आकडे दाबा, पेटी तो आकडा हुकूम करून तारेतून रेडिओला पाठवते: राखीव ठेव. मग मोठं हिरवं बटण: चालू कर. वाट दाखवणाऱ्या रेडिओसाठी पिवळं बटण. सगळं पाच सेकंदांत. त्या पेटीपायी तिने साडेतीन महिने दुपारची जेवणं टेबलापाशी उभ्या-उभ्या केली. मी डबा पुढे करायची आणि ती न बघता घास घ्यायची. एकदा चमच्याऐवजी स्क्रूड्रायव्हर उचलला होता. मी हात धरला म्हणून बरं.

सरकारी तपासणी झाली, पेटीला मंजुरी मिळाली. नियम असा की मंजुरीनंतर पेटीच्या आतलं काहीही बदललं तर दुसऱ्या माणसाने तीन दिवसांची पूर्ण चाचणी पुन्हा करायची. बनवणाऱ्याने स्वतःची चाचणी स्वतः करायची नाही. हा नियम सरकारचा. पण सरकारला सुचला नसता तर तिने सुचवला असता.

धाकटा सराव करायला लागला आणि पहिल्याच दिवशी कुरकुरला. "दाबल्यावर आकडा उशिरा उमटतो. मला वाटतं लागलंच नाही, मी पुन्हा दाबतो."

उशीर म्हणजे किती, तर डोळा मिचकावण्याइतका. पेटी हुकूम पाठवायची, रेडिओच्या उत्तराची वाट बघायची आणि उत्तर आलं की मगच पडद्यावर आकडा दाखवायची. तिच्या स्वभावाप्रमाणेच. पण धाकट्याचा चेहरा रडवेला झाला होता, तारीख जवळ येत होती, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी मन मऊ केलं. बटण दाबताक्षणी आकडा दिसेल असं करून दिलं. उत्तर मागाहून येईना का. येतंच की नेहमी. चाचणी पुन्हा झाली, रीतसर, शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञाने तीन दिवस केली. दोनशे वेळा दाबलं, दोनशे वेळा बरोबर. कागद मी स्वतः टाइप केला.

अठ्ठावीस तारीख उजाडली. परीक्षा अकरा वाजता. सात वाजता आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो. धाकटा नुसता उत्साहाने फुरफुरत होता. सरावाची दुसरी पेटी टेबलावर, डाव्या हातात जॅमची बाटली हाच विमानाचा दांडा, बाटलीचं झाकण हेच माइकचं बटण. मी टॉवर झाले होते. टोस्टला लोणी लावता लावता मी म्हणाले, "संपर्क करा, एक दोन चार दशांश सात."

आमच्यात जसं 'गॅस बंद केला' तसंच वैमानिकांतही असतं. टॉवरने सांगितलेला आकडा त्यांना माइकवर परत म्हणून दाखवावा लागतो. धाकट्याने अंगठ्याने झाकण दाबलं, "एक दोन चार दशांश सात," असं म्हणता म्हणताच उजव्या हाताने पेटीवर तोच आकडा दाबला आणि वाक्य संपायच्या आत हिरवं बटणही दाबलं. "बघितलंस? चार सेकंद."

भावजयीचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"तू बोलता बोलताच दाबतोस?"

"मग? वेळ वाचतो."

"नेहमी?"

"सगळेच वैमानिक असंच करतात. विसरायच्या आत लावून टाकायचं."

तिने कप खाली ठेवला. गॅस बंद आहे का हेही न विचारता ती चपला घालून निघाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी मोठं बिनसलं आहे.

मी साडेआठला वर्कशॉपात पोचले तेव्हा ती टेबलापाशी होती. रेडिओला अँटेनाच्या जागी एक पत्र्याचा डबा लावलेला. त्या डब्यात रेडिओची सगळी ताकद जिरते, बाहेर आवाज जात नाही. तिने मला बोलावलं. "ताई, हा माइक दाबून धरा आणि काहीही बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

मी माइक दाबला आणि म्हणाले, "सकाळी अर्धा चहा टाकून निघून जाणारी सून आमच्या आईने पाहिली असती तर..." तोवर तिने पेटीवर आकडा दाबला, हिरवं बटण दाबलं. पेटीच्या पडद्यावर आकडा लख्ख उमटला: एक दोन चार दशांश सात. तिने बोट कॉम्प्युटरच्या पडद्याकडे नेलं. तिथे रेडिओचं उत्तर आलं होतं. नाही केलं.

रेडिओ बोलत असताना, म्हणजे माइक दाबलेला असताना, हुकूम ऐकत नाही. त्याचा स्वभावच तसा, आणि तो चांगला स्वभाव आहे. बोलता बोलता त्याने सूर बदलला तर वाक्याचे दोन तुकडे दोन ठिकाणी जातील. तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणत होता. पेटी मात्र पडद्यावर 'झालं' म्हणत होती. दोनशे चाचण्यांमध्ये हे सापडलं नाही, कारण टेबलावर चाचणी घेताना कुणी माइकवर बोलत नाही. तिथे सगळे तोंड मिटून बटणं दाबतात. बोलत बोलत दाबायची खोड फक्त आभाळातल्या माणसाला.

"म्हणजे त्याला वाटेल तो नव्या टॉवरशी बोलतोय..." मी म्हणाले.

"आणि तो जुन्याच आकड्यावर असेल. नवा टॉवर त्याला हाका मारत राहील, याला ऐकूच येणार नाही. वाट दाखवणाऱ्या रेडिओलाही मी तीच चाल लावली आहे. तो दुसऱ्या कारणाने कधी नाही म्हणाला, तर हा ढगात दुसऱ्याच धावपट्टीची वाट धरेल." तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझी चूक आहे. उत्तराआधी आकडा दाखवला."

घड्याळात पावणेनऊ. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, आणि त्या क्षणी मी जे बोलले ते मला शोभणारं नव्हतं, पण बोलले. "त्याला फक्त सांग, आज बोलताना दाबू नकोस म्हणावं. बोलून झालं की दाब. परीक्षा होऊ दे, जागा राहू दे. मग उद्या कर दुरुस्त. कुणाला कळतंय?"

"तो ऐकेल," ती म्हणाली. "आज ऐकेल. आज त्याचं सगळं लक्ष असेल."

"मग झालं तर."

"पेटी लागली की विमान त्याच दिवशी कामाला लागतं, ताई. दुरुस्तीची चाचणी तीन दिवसांची. मधे पेशंटचा फोन आला तर तो जाईल, मी त्याला ओळखते. वादळ असेल, मागे नर्स ओरडत असेल, आणि टॉवर आकडा देईल. तेव्हा त्याचा हात सवयीने चालेल. माझं सांगणं लक्षात ठेवायला त्याला कोण आठवण करणार?"

"अगं, तू बायको आहेस की वैरीण?"

हे मी म्हणाले. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. तिने ड्रॉवरमधून लाल चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

मी लिहिली. रेडिओ-नियंत्रण पेटी. वापरू नये. कारण: रेडिओने नाकारलेला आकडा लागल्यासारखा दाखवते. ती म्हणाली, "पुढे लिहा, चूक बनवणाऱ्याची." मी म्हटलं, फॉर्मात असा रकाना नाही. "मग कारणातच लिहा."

धाकटा नऊला आला, इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. तिने त्याला माइक दाबून धरायला सांगितलं आणि सगळं करून दाखवलं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, एकदा तिच्याकडे. मग तिने चिठ्ठी त्याच्या हातात दिली. तो माझ्या काउंटरपाशी आला. इंजिनवाल्यांच्या टोकाला ठोकाठोक बंद झाली. शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं, त्या दिवशी काय आहे.

तो वाचेना. मला वाटलं फाडून टाकतो की काय. ती त्याच्यासमोर उभी होती, चपलांशिवाय, हात बाजूला सोडून. "वाच, कॅप्टन," ती हलकेच म्हणाली.

त्याने वाचली. पहिल्या शब्दापासून 'चूक बनवणाऱ्याची' पर्यंत. एकही शब्द गाळला नाही. मग त्या वाकड्या हातात पेन मुठीने धरून सही केली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. परीक्षक साडेदहाला आले, चिठ्ठी पाहिली आणि पुढची तारीख देऊन गेले. सहा आठवड्यांनंतरची. एक तारखेला रुग्णविमानावर दुसरा वैमानिक आला.

त्यानंतर अकरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. घरात माणसं तीन आणि निरोप्या मी एकटी. "तिला विचार, टॉवेल कुठे आहे." "त्यांना सांगा, दोरीवर." मी सांगितलं की नाही याची ती माझ्याकडून खात्री करून घ्यायची, ते वेगळंच. सहाव्या दिवशी मी दोघांना म्हटलं, मी उद्यापासून संप करते, टॉवेल तुम्हीच शोधा. कुणी हसलं नाही. तिने एकदाही 'माझं बरोबर होतं' असं म्हटलं नाही आणि एकदाही माफी मागितली नाही. फक्त एकदा, सकाळी, सिंकपाशी पाठमोरी उभी असताना नळ चालू ठेवून रडत होती. मी आत गेले नाही. 'वैरीण' म्हणणाऱ्या बाईने डोळे पुसायला जाऊ नये, एवढं मला कळत होतं.

पेटी तिने चार दिवसांत नीट केली. आता आकडा दाबला की पडद्यावर नुसत्या रेघा दिसायच्या. रेडिओने 'केलं' म्हटलं की मगच आकडा. 'नाही' म्हटलं तर जुनाच आकडा, तोही लुकलुकणारा. चाचणी तेवढी व्हायची होती. शेजारचा तंत्रज्ञ आजारी पडला, आणि बनवणारी स्वतः दाबणार नाही.

बाराव्या दिवशी धाकटा शेडमध्ये आला. तिच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "चाचणी कोण दाबतंय?"

अकरा दिवसांतलं पहिलं वाक्य. तिने वर पाहिलं. "कुणी नाही."

"स्टूल दे."

तो तिथे ठाण मांडून बसला. माइक दाबून बोलत बोलत दाबलं. खोकत दाबलं. दोन बटणं एकदम दाबली. राग काढत होता म्हणा हवं तर. पेटी चुकेल तर बरं, असा त्याचा चेहरा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला खरंच एक चूक सापडली: उत्तर यायच्या आत हिरवं बटण दोनदा दाबलं की चालू आणि राखीव आकडे फिरून पुन्हा जिथल्या तिथे. "हे बघ," तो विजयाने म्हणाला. आणि या बाईचा चेहरा असा उजळला, जणू त्याने दागिना आणून दिलाय. "पुन्हा दाब," ती म्हणाली. त्याने पुन्हा दाबलं. तिने लिहून घेतलं, दुरुस्त केलं, आणि नियमाप्रमाणे तीन दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. तो कुरकुरला नाही.

त्या दिवसांत दोघांमध्ये आकड्यांखेरीज बोलणं नव्हतं. ती म्हणायची, "एक एक आठ दशांश तीन." तो म्हणायचा, "एक एक आठ दशांश तीन," आणि दाबायचा. ती पडद्यावरचं उत्तर बघून म्हणायची, "मिळालं." मी काचेआडून ऐकत असायची. सांगायला लाज वाटते, पण नवरा-बायकोचं इतकं गोड बोलणं मी आमच्या नात्यात दुसरीकडे ऐकलेलं नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो उठताना म्हणाला, "चहा घेणार?" ती सवयीने म्हणाली, "चहा घेणार." मग दोघंही एकदम हसले.

सहा आठवड्यांनी परीक्षा झाली, तशाच दुसऱ्या विमानात पेटी बसवून; जागा गेली तरी परवाना टिकवायचा होता. परीक्षक उजव्या सीटवर बसून गेले आणि पन्नास मिनिटांनी उतरले. मग नियमाप्रमाणे तोंडी प्रश्न माझ्या काचेच्या खोलीत. मी बाजूला बसून कागद भरत होते. भावजय आली नव्हती. बनवणाऱ्याने परीक्षेच्या खोलीत असू नये, असं तिने स्वतःच ठरवलेलं. ती तिच्या टोकाला स्टुलावर बसून दुसऱ्याच कुठल्या रेडिओचा पेच आवळत होती आणि गेली दहा मिनिटं तोच पेच आवळत होती.

परीक्षक म्हणाले, हवेत मी मुद्दाम तुम्ही बोलत असताना आकडा दिला. पेटीने रेघा दाखवल्या, तुम्ही थांबलात, पुन्हा दाबलंत. ठीक आहे. वेळ साडेसहा सेकंद. तेही ठीक. आता एकच विचारतो. "रेडिओ तुमच्या मागे शेपटीत आहे. तुम्हाला दिसत नाही. डोळ्यांसमोर आहे ती फक्त ही घरी बनवलेली पेटी. ती दाखवते ते खरंच आहे, असं तुम्ही कशाच्या भरवशावर म्हणता?"

याचं पुस्तकी उत्तर आहे: मंजुरीचा क्रमांक, चाचण्यांची संख्या, तारीख. सगळं मी त्याला पाठ करून घेतलं होतं. धाकट्याने काचेतून शेडच्या त्या टोकाकडे पाहिलं.

"ही पेटी एकदा खोटं बोलली होती," तो म्हणाला. "ते दुसऱ्या कुणाला सापडलं नसतं. बनवणारीने स्वतः शोधलं, परीक्षेच्या दोन तास आधी. 'चूक बनवणाऱ्याची' असं कागदावर लिहून दिलं आणि माझं रुग्णविमान गेलं. माझं सगळ्यात आवडतं काम होतं ते. ती माझी बायको आहे. तिने माझ्यासाठीसुद्धा हिला खोटं बोलू दिलं नाही, साहेब. याहून मोठा भरवसा माझ्याकडे नाही."

परीक्षकांनी फॉर्म ओढला, 'उत्तीर्ण' वर खूण केली आणि सहीसाठी माझ्याकडे पेन मागितलं. मी ते मान वळवूनच दिलं, कारण सहीचा कागद ओला झाला तर तो बाद धरतात.